वाचकांचे प्रश्न : पहिल्या इंजिनासाठी कॅमशाफ्ट कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे १९७८ सालची शेव्हरले कॅमारो आहे. तिचे ३५० घन इंचांचे मूळ इंजिन मी उघडले असून स्वतः इंजिन बांधण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. हेड आणि पिस्टन मूळचेच ठेवणार आहे. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) साधारण ८.५ आहे. तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्याचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) आणि ३.०८ रेशोचा मागचा अ‍ॅक्सल तसेच राहतील. गाडी रोज कामावर न्यायची आहे. मित्र मात्र ‘मोठा कॅम टाक, आयडलिंगचा आवाज ऐकत राहशील’ असा आग्रह धरतात. मी काय करावे?
— एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : आपण लहान कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह कमी काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घ्यावा. कॅमशाफ्टवरचे उंचवटे म्हणजे लोब, त्यांच्यावर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे दंडगोल म्हणजे टॅपेट, आणि अंशांत मोजलेला व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ म्हणजे ड्युरेशन. टॅपेट ०.०५० इंच उचलला गेल्यापासून मोजलेले ड्युरेशन इनटेकला २०४ ते २१० अंश व एक्झॉस्टला २१४ अंशांच्या आसपास, दोन लोबमधला कोन ११२ अंश आणि व्हॉल्व्हची उचल ०.४५० इंचांच्या आत, असा हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (म्हणजे टॅपेट थेट लोबवर घासणारा आणि तेलाच्या दाबाने आपले अंतर आपणच जुळवणारा) या गाडीला योग्य ठरेल. एडेलब्रॉक कंपनीचा परफॉर्मर कॅम याच वर्गातला असून त्याचे ड्युरेशन २०४ व २१४ अंश आणि उचल ०.४२० व ०.४४२ इंच आहे. कॅटलॉगमध्ये ड्युरेशनचा आणखी एक, मोठा आकडा छापलेला असतो. तो कोणत्या उचलीपासून मोजायचा हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, म्हणून तुलना नेहमी ०.०५० इंचांवरच्या आकड्यांचीच करावी.

लहान कॅम का, हे नीट समजून घेतले तर पुढची प्रत्येक निवड आपल्याला स्वतः करता येईल. पिस्टन तळाला पोचला की इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. पिस्टन वर यायला लागल्यानंतरही तो काही काळ उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असते तेव्हा आत येणाऱ्या मिश्रणाला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ते सिलिंडरमध्ये शिरत राहते, आणि व्हॉल्व्ह उशिरा मिटण्याचा फायदा होतो. कमी फेऱ्यांवर तो वेग नसतो, त्यामुळे आत आलेले मिश्रण पिस्टन पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो. खरा दाब व्हॉल्व्ह मिटल्यानंतरच वाढू लागतो. म्हणजे ८.५ हा रेशो कागदावरचा आहे. ड्युरेशन जितके लांब, तितका कमी फेऱ्यांवर प्रत्यक्ष मिळणारा दाब कमी. आधीच दाब बेताचा असलेल्या आपल्या इंजिनात मोठा कॅम टाकला तर सिग्नलवरून निघताना गाडी पिकअप घेणार नाही आणि पेट्रोलही जास्त खाईल. १० रेशोच्या इंजिनात तोच कॅम चांगला चालू शकतो, आणि मित्रांचा अनुभव बहुधा तशाच एखाद्या इंजिनाचा असावा.

आता गाडीकडे पाहू. आपले टायर २६ इंच व्यासाचे धरले, तर ३.०८ चा अ‍ॅक्सल आणि थेट तिसरा गिअर यांच्यासह ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेते. ३,००० फेऱ्यांच्या पुढे जागा होणारा कॅम बसवला, तर हायवेवरचा बहुतेक प्रवास त्याच्या उपयुक्त पट्ट्याच्या खालीच होईल. कॉम्प कॅम्स कंपनीच्या एक्सट्रीम एनर्जी मालिकेतला २१८ व २२४ अंशांचा कॅम पुष्कळांना भुरळ घालतो, आणि तो कॅम चांगलाच आहे. पण माझ्या मते त्याला साडेनऊच्या आसपास कॉम्प्रेशन, ३.४२ किंवा त्याहून मोठ्या आकड्याचा अ‍ॅक्सल आणि थोड्या जास्त फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर सोबत हवा. तो खर्च आज करायचा नसेल, तर दोन कॅममध्ये मन अडकले असता लहानाचीच ऑर्डर द्यावी.

ज्या आवाजाचा मोह आहे, तो ओव्हरलॅपमुळे येतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढला की कमी फेऱ्यांवर जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, ज्वलन अनियमित होते आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम घसरतो. ब्रेक पेडल हलके करणारा ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. गर्दीत वारंवार थांबणाऱ्या गाडीचे ब्रेक पेडल कडक होणे ही गंभीर गोष्ट आहे, आणि आवाजासाठी ती पत्करू नये.

उचलीचा हिशेब सोपा आहे: या इंजिनाच्या रॉकर आर्मचा (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचा) रेशो १.५ असतो, म्हणून लोबची ०.२८० इंच उचल व्हॉल्व्हवर ०.४२० इंच होते. मूळ हेडमध्ये उचल वाढली की स्प्रिंगचा रिटेनर (तिला वरून धरणारी टोपी) व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आदळू शकतो. ते अंतर बांधणीपूर्वीच मोजावे. स्प्रिंग नव्याच, आणि कॅम बनवणाऱ्या कंपनीने सुचवलेल्याच घ्याव्यात. रोलर कॅमचा (ज्याच्या टॅपेटला लोबवर फिरणारे चाक असते) विचार तूर्त सोडावा, कारण शेव्हरलेने या इंजिनात हायड्रॉलिक रोलर १९८७ पासून दिले आणि जुन्या ब्लॉकसाठी त्याचा संच बराच महाग पडतो.

फ्लॅट टॅपेट कॅम खराब झालाच, तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होतो, म्हणून इथे घाई नको. टॅपेट नवेच हवेत, कारण जुना टॅपेट नव्या लोबला खाऊन टाकतो. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका घासलेला असतो, त्यामुळे चालताना टॅपेट आपल्या जागी गोल फिरत राहतो आणि झीज एकाच जागी होत नाही. इनटेक मॅनिफोल्ड बसवण्यापूर्वी प्रत्येक टॅपेटवर मार्करने खूण करून इंजिन हाताने काही फेरे फिरवावे. जी खूण जागची हलली नाही, तो टॅपेट काढून त्याचे छिद्र तपासावे. लोबवर कॅमसोबत मिळणारा दाट लेप लावावा आणि जस्त-फॉस्फरसयुक्त ब्रेक-इन तेल भरावे. इंजिन चालू होताच २,००० ते २,५०० फेऱ्यांवर न्यावे आणि २० मिनिटे आयडलिंगवर येऊ देऊ नये, कारण लोबना तेल मुख्यतः क्रँकशाफ्टने फिरताना उडवलेल्या शिंतोड्यांतून मिळते आणि कमी फेऱ्यांवर ते पुरेसे उडत नाही. इग्निशनचे टायमिंग, रेडिएटरचे पाणी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल ही तयारी आधीच पूर्ण असावी, म्हणजे स्टार्टर वारंवार मारून लोबवरचा लेप पुसला जाणार नाही.