घरच्या सुऱ्यांना धार लावायला छोटं मोटरवालं चाक घ्यायचंय, कोणतं घेऊ?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं, घरात चार-पाच स्टीलच्या सुऱ्या, एक विळी, भावाने पाठवलेली एक जपानी सुरी, जागा कमी म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात मावेल असं मशीन पाहिजे, आणि ऑनलाइन बघताना ७५ मिमीचा छोटा ड्राय ग्राइंडर आणि २०० मिमीचं पाण्यात फिरणारं चाक या दोघांत अडकलाय. माझं उत्तर सरळ आहे, ७५ मिमीवालं सुऱ्यांसाठी घेऊच नका. घ्यायचं तर २०० मिमीचं हळू फिरणारं पाण्याचं चाक घ्या, तेही जिग, म्हणजे सुरी ठरलेल्या अँगलला धरून ठेवणारा चिमटा, सोबत मिळत असेल तरच. मी लाकूडकामाची पटाशी, रंध्याची पाती आणि घरातल्या-शेजारच्या सुऱ्या बरीच वर्षं धार लावतोय, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

मशीन बघताना लोक वॅट बघतात, चाकाचा साइज बघतात, किंमत बघतात, पण खरं बघायचं ते दगडाचा कडेचा वेग, म्हणजे पात्याला लागताना दगड किती जोरात पळतोय ते. हिशोब सोपा आहे, चाकाचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), त्याला साठने भागलं की सेकंदाचा वेग. तो ७५ मिमीचा ग्राइंडर १०,००० आरपीएमपर्यंत जातो असं लिहिलेलं असतं, म्हणजे कडेला सेकंदाला ३९ मीटर, ताशी १४० किमी झाले. वर्कशॉपमधला १५० मिमीचा मोठा बेंच ग्राइंडर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण २८५० आरपीएमने फिरतो, त्याचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास, म्हणजे दिसायला खेळण्यासारखं असलेलं मशीन फुल स्पीडला मोठ्यापेक्षा जास्त जोरात घासतं! आणि २०० मिमीचं पाण्याचं चाक १२० आरपीएमने फिरलं तर सेकंदाला सव्वा मीटर, ताशी साडेचार किमी, आपण चालतो तेवढा. छोट्या ग्राइंडरला स्पीडचं बटण असतं हे खरं, पण अर्ध्यावर आणलं तरी २० मीटर राहतातच.

वेग एवढा महत्त्वाचा का, तर उष्णतेमुळे. सुरीची धार म्हणजे पात्याचा सगळ्यात पातळ भाग, तिथे उष्णता पसरायला लोखंडच नसतं, म्हणून पातं हाताला गार लागत असतं तेव्हाही नेमकी धारेची कडा क्षणात तापलेली असते. कार्बन स्टीलचं पातं साधारण २२०-२३० डिग्रीला पिवळसर दिसायला लागतं आणि ३०० च्या आसपास निळं पडतं, आणि निळं पडलं म्हणजे कारखान्यात पाणी देऊन आणलेला कडकपणा तेवढ्या भागातून गेला, मग कितीही घासा, ती धार टिकत नाही, आठवड्यात बोथट. स्टेनलेसवर तर रंग उशिरा दिसतो, त्यामुळे नुकसान होऊन जातं आणि कळतही नाही. "मध्ये मध्ये पाण्यात बुडवायचं की" असं बरेच जण सांगतात, पण बुडवेपर्यंत कडा तापून गेलेली असते ना. पाणी दगडावरच असायला पाहिजे आणि दगड हळू फिरायला पाहिजे, तेव्हाच स्टील सुरक्षित. चांगल्या स्टीलची सुरी आयुष्यभर पुरते, ती दोन मिनिटांत खराब होताना बघवत नाही.

या प्रकारात सगळ्यात नाव आहे ते स्वीडनच्या टॉरमेकचं, त्यांच्या टी-४ ला २०० मिमीचा आणि टी-८ ला २५० मिमीचा दगड येतो, घरच्या ओट्यासाठी टी-४ चा साइज पुरतो. महाग आहे, त्यामुळे त्याच धर्तीवर इतर कंपन्यांनी काढलेली २०० मिमीची मशिनं बघितली तरी चालेल, तत्त्व तेच आहे. फक्त तीन गोष्टी हाताने तपासा. एक, दगड फिरताना डावीकडे-उजवीकडे लचकत नाही ना. दोन, ज्या दांड्यावर जिग बसतो तो दांडा आवळल्यावर जराही हलत नाही ना, कारण तो हलला की अँगल गेला. तीन, मोटरच्या पाटीवर एस१ लिहिलंय की एस२ ३० मिनिटं. एस१ म्हणजे सलग चालणारी, एस२ म्हणजे दिलेल्या वेळानंतर थंड होऊ द्यायची. घरच्या पाच सुऱ्यांना एस२ आरामात पुरते, तेवढ्यासाठी जास्त पैसे घालू नका.

एक भीती नेहमी घातली जाते की गोल चाकावर धार आतून खोलगट होते आणि कमजोर पडते. किचनच्या सुरीसाठी ही भीती मनातून काढून टाका. सुरीच्या धारेचा उतार जेमतेम १ मिमी रुंद असतो, २०० मिमीच्या चाकावर त्याला येणारी खोली भूमितीने काढली तर ०.००१२५ मिमी येते, मायक्रोनभर. पटाशीच्या रुंद उताराला किंवा वस्तऱ्याला तो फरक जाणवतो, सुरीला नाही.

आता अँगल. साध्या स्टीलच्या सुरीला प्रत्येक बाजूने २० डिग्रीच्या आसपास, पातळ जपानी सुरीला १५, आणि हाडं तोडायच्या जड सुऱ्याला २५ ठेवला तरी चालतो. जिग लावला, मापाने अँगल बसवला, तरी खात्री करायची युक्ती अशी की धारेवर काळ्या मार्करने रेघ मारा, मशीन बंद ठेवून दगड हाताने थोडासा फिरवा आणि बघा शाई कुठून गेली. नुसती उताराच्या वरच्या भागावरून गेली तर अँगल कमी आहे, नुसती धारेच्या कडेशी गेली तर जास्त, सगळ्या उतारावरून गेली की बरोबर. दगड झिजून लहान होत जातो तसा हा अँगलही सरकतो, म्हणून दर वेळी मार्कर लावायचा, आळस करायचा नाही.

घासताना एका बाजूने तोपर्यंतच घासा जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बोटाला हलकी खरखरीत कडा लागत नाही, त्याला बर म्हणतात, ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली पाहिजे. मग बाजू बदला. दाब कमी ठेवा, आणि पातं सरकतं ठेवा, मुठीजवळ एकाच जागी थांबलात तर तिथे खड्डा पडतो आणि मग पाटावर कांदा चिरताना तेवढा भाग टेकतच नाही, कोथिंबीर अर्धी चिकटून राहते. शेवटी चामड्याचं चाक, त्यावर पॉलिशची पेस्ट लावून ती बर काढून टाकायची. इथे एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो, चामड्याच्या चाकावर फिरण्याची दिशा कायम धारेपासून लांब जाणारी हवी, उलट धरलंत तर धार चामड्यात घुसते आणि सुरी हातातून उडते.

पाण्याचं पण सांगतो कारण याबद्दल कोणी बोलत नाही. कोरडा दगड सुरुवातीला बरंच पाणी पिऊन घेतो, म्हणून चालू असतानाच भरत राहायचं. काम झालं की पाणी काढून टाकायचं, दगड तसाच पाण्यात ठेवला तर खालचाच भाग भिजून जड होतो आणि पुढच्या वेळी चाक हिसके मारतं. खाली राहतो तो लोखंडाचा आणि दगडाचा गाळ, तो सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, जुन्या पेपरवर काढून कचऱ्यात टाका. आणि मशीनखाली एक ताट किंवा ट्रे हवाच, पाणी ओघळतंच.

तुमच्याकडच्या सगळ्याच गोष्टी या चाकावर जाणार नाहीत. जपानी सुरीला एकाच बाजूने उतार असेल तर ती चाकावर अजिबात नको, १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा) सपाट ओल्या दगडावर हातानेच. दोन्हीकडून उतार असेल तर चाकावर चालते पण अगदी हलक्या हाताने, कारण ते स्टील कडक असतं आणि कडेचे टवके उडतात. ब्रेडची दातेरी सुरी नको, दाते सपाट होतील. विळीचं पातं पाटाला जोडलेलं आणि बाक असलेलं, ते चाकाशी नेता येत नाही, तिथे उलटं करायचं, पाट पायाने घट्ट दाबून छोटा धारेचा दगड पात्यावरून फिरवायचा, दगड नेहमी धारेच्या मागून पुढे, बोटं दगडाच्या कडेच्या आत. गावाकडचा कोयता असेल तर त्याला कानसच बरी.

फटीतून सुरी ओढायची ती इलेक्ट्रिक मशिनं दिसली असतील, झटपट धार येते हे खरं, पण बहुतेकांत अँगल ठरलेला असतो, दर ओढीला स्टील गरजेपेक्षा जास्त जातं. पट्टेवाली छोटी मशिनं (ज्यात खरकागदासारखा पट्टा फिरतो) त्यापेक्षा खूप चांगली, जागाही कमी घेतात, जागेचीच फार अडचण असेल तर दुसरा पर्याय म्हणून तीच घ्या, स्पीड मात्र सगळ्यात कमी ठेवून.

चाकावर वर्षातून दोन-तीनदाच जायची वेळ यावी, मधल्या काळात चामड्याच्या पट्ट्यावर पाच-सहा हात मारले तरी धार परत येते, नाहीतर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड आहेच, आपल्या आयांची जुनी पद्धत, आणि ती खरंच काम करते.

भाऊ अमेरिकेत असेल आणि तिकडून मशीनच पाठवतो म्हणत असेल तर नको म्हणा. तिकडचं १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं असतं, ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं पण हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे इंडक्शन मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) इथे १२० ऐवजी १०० आरपीएमने फिरेल आणि जास्त तापेल. इथलं २३० व्होल्टचंच घ्या, आणि बदली दगड इथे मिळतो का हे पैसे भरायच्या आधी विचारा.