पहिला विवाह व्हिसाच्या मुलाखतीत लपवावा का?

प्रश्न : पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने माझा घटस्फोट झाला आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी साताऱ्यात माझा दुसरा विवाह होऊन त्याची नोंदणीही झाली. माझे पती अमेरिकेचे नागरिक असून न्यू जर्सीत राहतात. पुढील महिन्यात मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात माझी मुलाखत आहे. पतीने मला कायमच्या वास्तव्यासाठी अमेरिकेत बोलावण्याकरता दाखल केलेल्या आय-१३० अर्जात माझा पहिला विवाह नमूद आहे. परंतु घटस्फोटाचा अर्ज प्रलंबित असताना मी एका एजंटमार्फत पर्यटक व्हिसा मागितला होता, त्यात त्याने मला ‘अविवाहित’ दाखवले. तो व्हिसा नाकारला गेला. सासरची मंडळी म्हणतात, पहिल्या लग्नाचा विषय काढू नकोस, विचारलेच तर टाळ. शिवाय इतक्या लवकर केलेला विवाह बेकायदा आहे, असेही एका परिचितांनी सांगितले. मी काय करावे?

उत्तर : विवाहाच्या वैधतेविषयीची शंका आधी दूर करते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १५ नुसार अपिलाचा अधिकार असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत पुनर्विवाह करता येत नाही. परंतु कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९(२) प्रमाणे परस्परसंमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपीलच होत नाही, म्हणून आपल्याला थांबण्याचे कारण नव्हते. जेथे विवाह झाला तेथील कायद्याने तो वैध असला, की अमेरिकेचा इमिग्रेशन विभागही सामान्यतः तो वैध मानतो. हुकूमनाम्याची न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कल आणि विवाह नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र सोबत ठेवा. कागद मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

खरी अडचण पर्यटक व्हिसाच्या अर्जाची आहे, आणि त्याबाबत आपल्याला मिळालेला सल्ला धोकादायक आहे, हे मी स्पष्टपणे सांगते. तो जुना अर्ज आणि पतीचा आय-१३० हे दोन्ही अमेरिकी सरकारच्या नोंदींत आहेत, त्यामुळे लपवण्यासारखे काही उरलेलेच नाही. मुलाखतीपूर्वी आपल्याकडून सत्य बोलण्याची शपथ घेतली जाईल. त्यानंतर टाळाटाळ केली, तर एजंटने लिहिलेल्या जुन्या चुकीच्या जागी आपण स्वतः शपथेवर सांगितलेले नवे असत्य उभे राहील. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी)(आय) खाली अपात्रता येण्यासाठी असत्य जाणूनबुजून सांगितलेले आणि निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे लागते. ही अपात्रता आजन्म टिकते. एजंटने भरले, एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण अर्जावर जबाबदारी अर्जदाराची असते. मात्र तो मजकूर आपण वाचला होता का, त्या वेळी आपल्याला काय विचारले गेले आणि विवाहित असल्याचे लिहिले असते तर निर्णय बदलला असता का, या तिन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

म्हणून या मुलाखतीसाठी आपण ऑनलाइन भरलेला डीएस-२६० हा स्थलांतरित व्हिसाचा अर्ज आजच तपासा. त्यात पहिल्या पतीचे नाव, विवाहाची आणि घटस्फोटाची तारीख हुकूमनाम्याशी तंतोतंत जुळली पाहिजे आणि पूर्वी व्हिसा नाकारला गेल्याची माहितीही असली पाहिजे. चूक असल्यास मुलाखतीच्या सुरुवातीलाच अधिकाऱ्याला सांगून दुरुस्त करून घ्या. अर्ज कोणी भरला, काय चुकले आणि ते आपल्याला कधी कळले, याचे एका पानाचे साधे, सही केलेले निवेदन तयार ठेवा. त्यात एक शब्दही रंगवून लिहू नका. एजंटशी झालेला पत्रव्यवहार किंवा फी भरल्याची पावती मिळाली तर ती जोडा. मुलाखत मराठीत हवी असल्यास सुरुवातीलाच तसे सांगा. इंग्रजीतील अर्धवट उत्तरांनी विनाकारण संशय वाढतो.

एवढे करूनही अधिकाऱ्याने वरील कलमाखाली अपात्र ठरवले, तरी वाट बंद होत नाही. अमेरिकन नागरिक पतीला आपल्या विरहामुळे किंवा भारतात येऊन राहावे लागल्यामुळे असाधारण हालअपेष्टा होतील हे सिद्ध झाल्यास आय-६०१ अर्जाद्वारे माफी मागता येते, आणि पतीचा आजार, नोकरी, त्यांच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांचे पुरावे त्यात उपयोगी पडतात. कागद कमी पडल्याने त्याच कायद्याच्या कलम २२१(जी) खाली अर्ज थांबवला गेला, तर ती कायमची अपात्रता नव्हे. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यावे लागतात. या दोन नकारांत मोठा फरक आहे, म्हणून खिडकीवर मिळणाऱ्या पत्रात कोणत्या कलमावर खूण आहे ते तेथेच वाचून घ्या आणि ते पत्र पाहिल्याशिवाय कोणालाही पुढच्या अर्जाची फी देऊ नका.