‘देवाचे राज्य’ म्हणजे मरणानंतरचा स्वर्ग का?

नाही, निदान तेवढेच नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूंच्या जीवनाच्या व शिकवणीच्या पुस्तकांत, ‘राज्य’ यासाठी आलेला मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेया’ हा भूभागापेक्षा राजाच्या सत्तेचा, त्याच्या राज्य करण्याचा निर्देश करतो. म्हणून देवाची इच्छा जिथे मनापासून मानली जाते, तिथे ते राज्य सुरू झालेले असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ असा शब्दप्रयोग येतो, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच आहे. हे राज्य कुठे आहे, हे सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानातील (१७:२१) शब्दांचा अर्थ ‘तुमच्या अंतर्यामी’ असाही लावला जातो. मला मात्र ‘तुमच्यामध्ये’ हाच अर्थ अधिक पटतो, कारण तिथे येशू आपल्याला विरोध करणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना) उत्तर देत आहेत, आणि ते राज्य अशा विरोधकांच्या अंतर्यामी आहे असे ते म्हणतील, हे पटत नाही. तरीही येशूंनी शिकवलेली ‘तुझे राज्य येवो’ ही प्रार्थना उरतेच, कारण त्यांच्या दृष्टांतातील मोहरीच्या दाण्याप्रमाणे रुजलेल्या या राज्याची पूर्णता अजून व्हायची आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.