पाटल्या मोडाव्यात की गहाण ठेवाव्यात?

प्रश्न : सासूबाईंचं 14 तोळे सोनं (पाटल्या, गोठ, बोरमाळ) 22 वर्षं लॉकरमध्ये पडून आहे. शिवाय पेन्शनमधून साठवलेले 1 लाख 80 हजार तांदळाच्या डब्यात. मुलाला वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात लेथ (धातू कातायचं यंत्र) घ्यायचंय. नणंद म्हणते, सोन्याला हात लावलास तर घरातली लक्ष्मी जाईल. काय करू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, आधी तांदळाचा डबा. रोकड उद्याच खात्यात भरा. पॅन कार्ड सोबत ठेवा, पेन्शन काढल्याच्या नोंदी पासबुकात आहेत, घाबरू नका. 2016 च्या नोव्हेंबरात, नोटबंदीत, एका बाईंनी बँकेतल्या माझ्या काउंटरवर लुगड्याच्या घडीतून पाचशेच्या नोटा काढल्या. नवऱ्यापासून लपवलेल्या, आणि तो शेजारीच उभा. त्यांचा चेहरा मी विसरले नाही.

आता सोनं. वजन ग्रॅममध्येच करून घ्या. सासूबाईंचा तोळा 11.66 ग्रॅमचा, आजच्या सराफाचा 10 चा. 14 तोळ्यांत 23 ग्रॅमचा फरक पडतो!

सोनं बँकेत ठेवून व्याज घ्यायच्या सरकारी सुवर्ण ठेव योजनेतल्या मध्यम आणि लांब मुदतीच्या ठेवी 26 मार्च 2025 पासून बंद झाल्या. 1 ते 3 वर्षांची ठेव काही बँका घेतात, पण त्यात दागिना वितळवतात. त्याच पाटल्या परत मिळत नाहीत. मोडलंत आणि दागिने 1 एप्रिल 2001 च्या आधीचे असतील, तर त्या दिवशीच्या किमतीच्या वर जो नफा होईल त्यावर साडेबारा टक्के कर.

मी म्हणेन, पाटल्या आणि गोठ बँकेत गहाण ठेवा. मोठ्या रकमेला किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. मात्र मुलाकडे लेथपुरतं काम हातात आहे का, हे त्याच्या ऑर्डरी बघून ठरवा. नसेल तर थांबा.

1991 च्या जुलैत देशाने सुमारे 47 टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण टाकलं, तेव्हा मी नवी क्लार्क होते. बातमी वाचली आणि आमच्या तळघरातल्या लॉकरच्या रांगांकडे बघत राहिले. किती निजलं होतं तिथे! तुमचं सोनं विकलं जाणार नाही, पण त्याच्यावरचा पैसा गाळ्यात फिरेल. नणंदबाईंना दसऱ्याला तिथे न्या, लेथला हार त्यांच्याच हातून घाला.

कर्जाच्या कागदावर प्रत्येक दागिना निव्वळ वजनासकट वेगळा लिहून घ्या. बोरमाळ देऊ नका. तिच्या मण्यांत लाख भरलेली असते, त्या लाखेचं वजन वजा होतं, हाती फार येत नाही. ती घरी आणा आणि गळ्यात घाला.