गाण्यांचे सगळ्यात विचित्र शब्द कोणते? आणि हल्लीच्या गाण्यांतला अर्थ कुठे गेला?

प्रश्नातलं ते 'हल्लीच्या' आधी काढा. मी इंदूरचा. लग्नकार्यांत आणि गणपतीत कीबोर्ड वाजवतो, त्याआधी वडिलांकडे पेटी शिकलो. हे 'हल्लीच्या गाण्यांत अर्थ नाही' आमच्या धाकट्या काकांकडून ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

विचित्रच हवं असेल तर लांब जायला नको. 'झुकझुक आगीनगाडी' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मामाची बायको सुगरण, आणि रोज रोज करते काय, तर पोळी-शिकरण! केळं कुस्करून दुधात घातलं की झाली शिकरण, गॅससुद्धा पेटवायला नको. बरं, ही मामी भाच्यांना ओळखतही नाही. 'कुठली पोरटी' म्हणणार, मग पोरांनी आपली नावं सांगायची. आणि मामा रेशीम घेणार हजार वार, कशाला, तर कोट-विजारींना! नऊवारीचा हिशेब लावला तर हजार वारांत १११ लुगडी निघतात. गाणं गदिमांचं आहे आणि मला ते अतिशय आवडतं. पोराला जे मोठं वाटतं ते त्यात आहे, आणि गाडीचा ठेका इतका पक्का आहे की बारशाला वाजवलं तर आज्यासुद्धा टाळ्या धरतात.

चाल आधी आणि शब्द मागून, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. संगीतकार चालीवर काहीतरी डमी बोल म्हणून दाखवतो, गीतकार त्या मापात शब्द बसवतो. 'तेजाब'मधलं (१९८८) 'एक दो तीन' असंच झालं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीवर नुसते आकडे होते, जावेद अख्तर यांनी ते आकडेच ठेवले आणि त्यांच्यावर अख्खं गाणं रचलं. नीट ऐका, ती बाई महिन्याच्या तारखा मोजते आहे. चौदाला निरोप आला, पंधराला येणार होता, आला नाही. पंचवीस-सव्वीसपर्यंत मोजून झाल्यावर म्हणते, महिन्याचे आता चारच दिवस राहिले. तीस दिवसांचा महिना धरा, हिशेब बिनचूक आहे. आणि याच गाण्याला लोक 'नुसते आकडे' म्हणून नावं ठेवतात!

हिशेबावरून आमच्या किशोरदांचं 'पाँच रुपैया बारह आना' आठवतं. 'चलती का नाम गाडी', १९५८. ऐन प्रेमाच्या युगलगीतात नायक गाडीदुरुस्तीची मजुरी मागतो. किशोरकुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले, आणि ते पाच रुपये बारा आणे म्हणजे खरं तर त्यांची कॉलेजच्या कँटीनमधली उधारी, असं इंदुरात कुठल्याही पोह्यांच्या गाडीवर सांगतील. खरं असो नसो, ऐकायला गोड वाटतं.

आता काकांचं सांगतो. त्यांच्या पंच्याहत्तरीला रामबागेत हॉल घेतला होता. वाजवायला आमचाच ग्रुप. घरचं कार्य, पैशांचा विषयच नव्हता. जेवणं झाली, पोरं नाचायला उभी राहिली आणि आम्ही 'कोंबडी पळाली' सुरू केलं. पहिला अंतरा संपायच्या आत काका उठले, माइकपाशी आले आणि हात वर करून गाणं थांबवलं. पाहुण्यांत अर्धे हिंदी बोलणारे. मागून कोणीतरी ओरडलं, "भिया, बंद क्यों कर दिया?" काका मला माइकवरूनच म्हणाले, "अरे, तुझ्या बापानं तुला पेटी काय कोंबड्या पळवायला शिकवली? काहीतरी अर्थाचं वाजव." वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ढोलकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

लगेच काकांची फर्माईश आली. 'बुगडी माझी सांडली गं.'

आम्ही वाजवलं. काका पहिल्या रांगेत मांडीवर ठेका धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबीच्या वेळी मी विषय काढला. म्हटलं, "काका, तुमच्या बुगडीत काय आहे सांगा. साताऱ्याला जाताना बाईची बुगडी पडली. शेजारचा तरुण तिला खुणा करतो, ती भुलते, आणि ही चुगली म्हाताऱ्याला सांगू नका असं ती सगळ्या फडासमोर सांगते. हे तुम्ही नातवंडांसमोर वाजवायला लावलंत. माझी कोंबडी तर नुसती पळाली." काका म्हणाले, "ती लावणी आहे, तिचा बाज वेगळा." अहो, मग कोंबडीचा बाज काय भूपाळीचा आहे? तीही नाचायचीच आहे! त्यावर म्हणाले, "गदिमांचं नाव घेऊन असलं बोलू नकोस."

मी तर गदिमांचं नाव घेऊनच बोलेन. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये झालं, ५६ गीतं. त्यानंतर १९५९ साली 'सांगत्ये ऐका'साठी त्याच लेखणीनं बुगडी लिहिली. रामासमोर काय म्हणायचं आणि फडात काय म्हणायचं, हे ज्याला कळतं तो मोठा कवी. कोंबडीला तंगडी धरून लंगडी घालायला लावणाऱ्यालाही आपण कुठे उभे आहोत हे कळत होतं. अजय-अतुल यांची ती चाल पुढे 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन गेली आणि देशभर वाजली. तेव्हा काकांच्याच सुनेनं सोसायटीत त्यावर नाच बसवला होता, तिथे कोणी माइक बंद केला नाही.

मला खरोखर खटकतात ते शब्द वेगळेच आहेत. 'डर'मधलं (१९९३) 'जादू तेरी नज़र' घ्या. 'तू हाँ कर या ना कर, तू है मेरी किरण.' सिनेमात हे गाणारा माणूस मुलीचा पिच्छा पुरवणारा, तिला आणि तिच्या माणसांना जिवाची भीती घालणारा आहे. सिनेमानं ते लपवलेलं नाही, नावच 'डर' आहे. पण आमच्याकडे रिसेप्शनला चिठ्ठी येते: किरणच्या जागी नवरीचं नाव घालून म्हणा! नवरी स्टेजवर उभी, हातात गुच्छ, आणि तू हो म्हण की नाही म्हण, तू माझीच, असं दोनशे लोकांसमोर तिला ऐकवायचं. ज्येष्ठ मंडळी माना डोलावतात, कारण चाल गोड आहे आणि उदित नारायणचा आवाज आहे. कोंबडीवर मान वाकडी करणारे काका याच्यावर कधी एक शब्द बोललेले नाहीत. मी ती फर्माईश घेत नाही. नवऱ्याचे मित्र चिडतात, चिडू देत.

तुम्ही कोणाशी या विषयावर वाद घालणार असाल तर गाण्याचे शब्द चाल न लावता, बातम्या वाचतात तसे मोठ्यानं वाचून दाखवा. समोरचा काका असेल तर नक्कीच वाचा.

आणि हो, आजची सगळी गाणी मला चालतात असं नाही. दारूच्या ब्रँडची आणि गाडीच्या किमतीची जंत्री म्हणजे गाणं, असं जे काही येतंय त्यातलं पुष्कळ टाकाऊ आहे. ते अर्थ नाही म्हणून टाकाऊ नाही, त्याची चालही भिकार आहे आणि सहा महिन्यांनी कोणी मागतसुद्धा नाही. 'ईना मीना डीका'ला १९५७ सालीही अर्थ नव्हता, पण सी. रामचंद्रांची चाल आहे आणि आजही पोरं त्यावर उड्या मारतात. जुन्यातलंही टाकाऊ भरपूर होतं, ते विसरलं गेलं इतकंच.

आता काकांच्या नातवाची मुंज आहे. फर्माईशींची यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवली आहे आणि बुगडी सगळ्यात वर आहे. वाजवीन, मनापासून वाजवीन. पण त्याआधी कोंबडी होईल, सगळे अंतरे, आणि माइक माझ्या बाजूला राहील, हे मी त्यांना फोनवर सांगून ठेवलंय.