'परवानगी मिळाली' म्हणजे नेमके काय मिळाले?

प्रश्न असा आहे. ब्रिटनमध्ये एका मराठी बोलणाऱ्या अर्जदाराचा आश्रयाचा दावा नाकारला गेला होता. नंतर न्यायाधिकरणाचे पत्र आले. त्यातल्या 'पर्मिशन टू अपील'चे मराठी प्रश्नकर्तीने 'अपील करण्याची परवानगी मिळाली' असे करून सांगितले आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना वाटले, जिंकलो, आता इथेच राहता येईल. तसे काहीच झालेले नव्हते. मग 'परवानगी'ऐवजी 'अनुमती' किंवा 'अनुज्ञा' म्हणायला हवे होते का, असे प्रश्नकर्तीने विचारले आहे.

माझ्या मते 'परवानगी' हाच शब्द ठेवावा. घोटाळा शब्दामुळे झाला नाही, वाक्यातून जे गळले त्यामुळे झाला. मराठीत परवानगी मिळणे हा बहुधा कामाचा शेवट असतो. बांधकामाची परवानगी मिळाली, सभेची परवानगी मिळाली, की प्रश्न मिटला. इथे मात्र परवानगी ही मधली पायरी आहे, आणि ज्या घरात महिनोन्महिने 'राहण्याची परवानगी' हेच दोन शब्द घोळत असतील तिथे नुसती 'परवानगी मिळाली' ऐकल्यावर माणसे दुसरे काय समजणार?

म्हणून आधी पायऱ्या पाहू. गृहखात्याने दावा नाकारला की साधारणपणे पहिल्या स्तरावरच्या न्यायाधिकरणात अपील करता येते. ते हक्काचे असते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तेही फेटाळले गेले तर वरच्या न्यायाधिकरणात जाता येते, पण तिथे जायला आधी परवानगी लागते. ती प्रथम मागायची ती ज्याने अपील फेटाळले त्याच न्यायाधिकरणाकडे: अर्जदार देशात असेल तर 14 दिवसांत, देशाबाहेर असेल तर 28 दिवसांत. तिथे नकार मिळाला तर वरच्या न्यायाधिकरणाकडे थेट मागता येते. ती मिळाली याचा अर्थ एवढाच की मुद्दा ऐकून घेण्याजोगा आहे. आपल्याकडच्या कोर्टाच्या भाषेत 'अपील दाखल करून घेतले' म्हणतात, त्याच्या जवळचा हा भाव आहे. तेव्हा सांगताना वाक्य पूर्ण सांगावे: 'तुमचे पुढचे अपील वरच्या न्यायाधिकरणात ऐकले जाईल, एवढी परवानगी मिळाली आहे. निकाल अजून व्हायचा आहे.' यातले 'पुढचे' आणि 'एवढी' हे दोन छोटे शब्दच खरे काम करतात.

'अनुज्ञा' आणि 'अनुमती' चुकीचे नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद 136 खाली सर्वोच्च न्यायालयात जो अर्ज होतो त्याला मराठीत 'विशेष अनुमती याचिका' किंवा 'विशेष अनुज्ञा याचिका' म्हणतात. वकिलासाठी लिहायचे असेल तर हे शब्द वापरावेत. पण घाबरलेल्या माणसाला समजावताना जड शब्दाने फक्त अंतर वाढते. 'मुभा' मात्र नको. मुभेत 'तुमची मर्जी' असा सूर आहे, आणि इथे न्यायाधीश मुद्दा तपासून मगच होकार देतात.

जाता जाता 'लीव्ह'विषयी. ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवानगीला 'लीव्ह टू रिमेन' म्हणतात आणि अपिलाच्या परवानगीलाही पूर्वी 'लीव्ह'च म्हणत. त्या 'लीव्ह'चा सोडून जाण्याशी संबंध नाही, तरी 'देश सोडा असे लिहिले आहे' असा अर्थ लावून हादरलेला माणूस मी पाहिला आहे. आपल्या 'रजा' शब्दाचे अगदी असेच झाले आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ संमती. 'आता मला रजा द्या' म्हणून निरोप घेताना तो अर्थ अजून जिवंत आहे, पण एरवी रजा म्हणजे कामावरची सुट्टी. हे लक्षात आणून दिले की 'लीव्ह'चा अर्थ मराठी माणसाला चटकन कळतो.

मला जास्त काळजी वाटते ती प्रश्नात ओझरत्या आलेल्या दुसऱ्या शब्दांची. परवानगीच्या अर्जात काय दाखवायचे? 'एरर ऑफ लॉ'. याचे मराठी सर्रास 'कायदेशीर चूक' असे केले जाते. कायदेशीर म्हणजे कायद्याला धरून असलेले. मग कायदेशीर चूक म्हणजे कायद्याने चालणारी चूक! 'निकालात कायद्याच्या दृष्टीने झालेली चूक' म्हणावे. लांब आहे, पण अर्थ सरळ आहे. आणि हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. 'न्यायाधीशांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही' ही व्यथा आहे. नुसत्या तिच्यावर परवानगी मिळत नाही. 'अंगावरच्या खुणांविषयीचा डॉक्टरांचा अहवाल न्यायाधीशांनी विचारातच घेतला नाही' किंवा 'आधी मला खोटे ठरवले आणि त्याच कारणाने अहवालही नाकारला' ही कायद्याच्या दृष्टीने झालेली चूक ठरू शकते. अर्जदाराला हा भेद त्याच्या भाषेत कळला नाही, तर वकिलापुढे तो आपली सगळी कहाणी पहिल्यापासून सांगत बसतो आणि त्या 14 दिवसांतले दिवस जात राहतात. ते पाहवत नाही.

'नाकारणे' आणि 'फेटाळणे' यांचीही अदलाबदल करू नये. गृहखाते दावा नाकारते, न्यायाधिकरण अपील फेटाळते, आणि परवानगीच्या अर्जाबाबत पुन्हा 'नाकारला' असेच म्हणावे. हे नेमाने पाळले तर कागद कोणाकडून आला आहे ते क्रियापद आणि त्याआधीचा शब्द पाहूनच समजते.

आणि पुढे कधी पहिला निकाल 'सेट असाइड' झाल्याचे पत्र आले, तर 'निकाल बाजूला ठेवला' असे सांगू नका. मराठीत बाजूला ठेवलेली वस्तू नंतर पुन्हा हातात घेतात. 'आधीचा निकाल रद्द झाला, आता प्रकरणाचा निर्णय नव्याने होईल' असे सांगा. तो वरचे न्यायाधिकरण स्वतः करणार की प्रकरण खाली परत पाठवणार, हे त्याच पत्रात शोधा आणि तेही त्याच वेळी सांगा.