दर कोण ठरवतं?

प्रिय मित्रा,

डिलिव्हरीच्या अ‍ॅपवरचा तुझा आयडी कंपनीने ब्लॉक केलाय, सपोर्टच्या चॅटवर तेच ठरावीक उत्तर येतंय, आणि तू मला विचारतोस, "माझंच काही चुकलं असेल का?" तू चिडून लिहिलं असतंस तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. हा प्रश्न मात्र जिव्हारी लागला.

करारावर 'पार्टनर' म्हणून टिक केलंय, मग भांडायचं कशाच्या जोरावर, असंही लिहिलंयस. करारात तुला काय म्हटलंय ते ठेव बाजूला. दर कोण ठरवतं ते सांग. गिऱ्हाइकाशी बोलून दोन पैसे वाढवून घेता येतात तुला? नाही ना? मग धंदा तुझा नाही.

हे माझं म्हातारचळ समजू नकोस. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना 'वर्कर', म्हणजे किमान वेतनाचा हक्क असलेले कामगार, ठरवलं, तेव्हा कारणांत पहिलं कारण हेच होतं की भाडं कंपनी ठरवते. बाकीची त्यामागून आली: अटी कंपनीच्या, फेऱ्या नाकारण्यावर वचक, रेटिंगचा धाक, प्रवाशाशी ओळख वाढू नये याची तजवीज. आणि लॉग-इन करून भाडं घ्यायला तयार असलेला वेळही न्यायालयाने कामाचाच धरला. तू ऑर्डरची वाट बघत घालवलेल्या वेळाला 'रिकामा वेळ' म्हणतोस. कुणी शिकवलं तुला हे?

वेळ हवा तसा वापरता येतो, शिक्षण सांभाळून कमावता येतं, हे खरंच आहे. पण दर उतरला की तेवढ्याच कमाईसाठी तास वाढवावे लागतात, आणि मग वेळही हातचा जातो. म्हणून पुन्हा तेच: दर कोण ठरवतं?

कायद्यावर विसंबून राहा असं मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये अशा कामगारांना कर्मचारी मानण्याच्या बाजूने कायदा केला. पुढच्याच वर्षी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त ओतून सार्वमतातून स्वतःपुरती सूट मिळवली. भारताच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे तुझ्यासारखा सुटी सुटी कामं घेणारा, आला खरा, पण पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा म्हणून. तुझ्या प्रकरणाला लागू पडेल असं कलम युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशात आहे: खातं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा आणि कारण लेखी द्यायचं. सदस्य देशांना तसे कायदे करायला डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिलेली आहे. तुझ्यावर तो लागू असो वा नसो, लेखी कारण मागच. चॅटवर नको, ईमेलने. खातं बंद असलं तरी जेवढे ट्रिपचे आणि पैशांचे स्क्रीनशॉट हाती आहेत ते जपून ठेव.

मी शब्दावर पैसे घेऊन भाषांतरं करायचो, तेव्हा एका एजन्सीने सगळी कामं पोर्टलवर नेली. दर पडद्यावर यायचा. पटला तर घ्या, नाहीतर काम दुसऱ्याला. मी अडून बसलो. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही, कामं यायची थांबली. घरचे अजून म्हणतात, हेकटपणा नडला. असेल. पण मी नमतं घेतलं असतं तर दर तिथेच थांबला असता का? मला नाही वाटत, आणि आजही मी तेच करीन. खंत आहे ती वेगळीच. त्या पोर्टलवर माझ्यासारखे किती होते, कुणाला काय मिळत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोर्टलची रचनाच तशी होती.

तुमचा तर ग्रुप आहे! त्यावर ऑर्डर कुठे जास्त पडतायत एवढंच बोलता. तेवढ्याच अंतराला, त्याच वेळी, कुणाला किती मिळाले ते मांडा एकदा. फरक निघाला तर ईमेल पाठवायच्या आधी मला फोन कर, कारण मग त्यावर तुझी एकट्याची सही पुरायची नाही.